यादीबाहेरचे कर्नल

कर्नल बेडसे यांना मिशी नव्हती. हा धक्का पचवायला सुरतेतल्या आमच्या लिंबायतला दोन महिने लागले.

फौजेतला मोठा साहेब रिटायर होऊन आपल्या गल्लीत राहायला येतोय, ही बातमी साहेब यायच्या आधी आठवडाभर घरोघर फिरत होती. साहेब मूळचे आमच्याच खान्देशातले. त्यांचे थोरले भाऊ सुरतेत लूमवर मास्तर होते. दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलून कंटाळलेल्या बेडसेकाकूंनी मुलीला घेऊन दिराच्या शेजारीच घर केलं होतं. त्यामुळे काकूंना आणि त्यांच्या वैशालीला गल्ली चांगली ओळखत होती. घरधन्याला मात्र कुणी नीट पाहिलेलं नव्हतं. तो सुट्टीवर यायचा आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत परत जायचा.

तर ज्या दिवशी ते कायमचे आले त्या दिवशी रिक्षातून एक बारकेला माणूस उतरला. जाड चष्मा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कानामागे पेन्सिल. मागून टेम्पोत सामान आलं. हमालांनी ट्रंकेला हात घातला तशी त्यांनी खिशातून कागद काढला आणि म्हणाले, "आधी सात नंबर. मग तीन." सामानाच्या प्रत्येक डागावर नंबर होता. सामान वीस मिनिटांत घरात गेलं आणि एक कपही फुटला नाही. पण गल्लीला कपांशी काय घेणं? समोरचे लोटनबाबा ओट्यावरून सगळं पाहत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "हाऊ करनल? हाऊ ते पोस्टमास्तर वाटस!"

पुढे एकदा लोटनबाबांनीच सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारून टाकला. "साहेब, लढाईमा तुम्ही कितला मानसे मारात?"

"एकही नाही," कर्नल म्हणाले. "पण एकही माणूस उपाशी किंवा उभ्यानं पाठवला नाही."

लोटनबाबांचं तोंड पडलं. मग कर्नलांनी त्यांना आपलं काम समजावून सांगितलं. दिल्लीतल्या एका मोठ्या कचेरीत ते डायरेक्टर होते. पलटणी इकडून तिकडे पाठवायच्या, त्यांच्या गाड्या, डबे, राशन, गरम कपडे, खेचरांचा चारा, सगळं कागदावर आधी जुळवायचं, हे त्यांचं खातं. "बाबा, लूमवर धोटा पळतो तो सगळ्यांना दिसतो," ते म्हणाले. "कांडी कधी संपेल आणि दुसरी कुठून येईल हे ठरवणारा माणूस कुणाला दिसत नाही. तो मी." आयुष्य लूमवर घालवलेल्या लोटनबाबांना हे पटलं. तेव्हापासून मिशीचा विषय कुणी काढला नाही.

माझा त्यांचा संबंध मिलमध्ये आला. पंच्याण्णव साल असेल. उधन्याला कांतीशेठची कापड रंगवायची मिल होती. शेठनी कर्नलांना कारभार बघायला ठेवलं, आणि कर्नलांनी पहिल्याच आठवड्यात मागणी केली ती मराठी टाइपरायटरची. मिलमधले अर्धे लोक खान्देशी, मग नोटिसा फक्त गुजरातीत का, हा त्यांचा सवाल. टाइपरायटर आला, आणि त्याच्याबरोबर मी. मी लिंबायतचीच, टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली. माझ्या वडिलांना सगळी गल्ली "सोनवणेभाऊ" म्हणायची आणि मला "ए शोभा." कर्नलांनी मला पहिल्या दिवशी "मिस सोनवणे" म्हटलं, आणि मी मागे वळून पाहिलं की ही कोण बाई.

त्यांचा प्रत्येक कागद तीन प्रतींत निघायचा. पहिली प्रत ज्याला पाठवायची त्याला, दुसरी फाइलला, आणि तिसरी माझ्याकडे. दोन कार्बनमधून झिरपलेली तिसरी प्रत इतकी फिकी असायची की उन्हात धरल्याशिवाय वाचता यायची नाही. "तिसरी प्रत कुणी वाचत नाही," ते म्हणायचे, "म्हणून तीच जपून ठेवायची." याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता. मी आपली ड्रॉवरमध्ये कोंबत होते.

चहाची गोष्ट सांगते म्हणजे माणूस कळेल. अकरा वाजता अख्खी मिल फाटकाबाहेरच्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, धावायची. ढकलाढकली, सांडासांडी, आणि निम्मे लोक गार चहा पिऊन परत. कर्नलांनी आठवडाभर घड्याळ लावून हे पाहिलं आणि चार पानी टिपण लिहिलं. उद्देश, परिस्थिती, शत्रू, उपलब्ध मार्ग, शिफारस, असे मथळे. "शत्रू" या मथळ्याखाली एकच शब्द होता: रांग. मी टाइप करताना इतकी हसले की दोनदा कागद बदलावा लागला. शेठनी टिपण वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "करनलभाई, आपणे चा पीवानी छे के लडाई पर जवानुं छे?"

"दोन्हीची तयारी सारखीच असते, शेठ," कर्नल म्हणाले.

शिफारस साधी होती. माणसांनी लारीकडे जायचं नाही, लारीनं माणसांकडे यायचं. कुठल्या खात्यात किती वाजता, किती कप, सगळं ठरलेलं. दुसऱ्या दिवसापासून रंगाच्या जेट मशीनवरून हलता न येणाऱ्या माणसालाही वाफाळता चहा जागेवर मिळाला. सगळी मिल फिरून चहावाला शेवटी ऑफिसात आला तेव्हा किटली रिकामी होती. कर्नलांच्या टेबलावर कप नव्हता. त्यांनी यादी तपासली, पेन्सिलीनं डोकं खाजवलं आणि पाणी प्यायले. आम्हाला वाटलं, चहावाल्याची चूक.

ती चहावाल्याची चूक नव्हती हे कळलं डुमसच्या सहलीला. मिलची सहल समुद्रावर निघाली. दोन बसेस, प्रत्येकाची सीट ठरलेली, ज्याला बस लागते तो खिडकीशी, ज्याच्याजवळ लहान मूल तो दाराशी. कर्नलांच्या याद्यांना दोन रकाने असायचे, "गेला" आणि "आला." माणूस आपल्या जागेवर टेकल्याशिवाय ते "गेला"च्या रकान्यात बरोबरची खूण करत नसत. त्या दिवशीही एकेक खूण करून त्यांनी बसेस फाटकातून सोडल्या. आम्ही गाणी म्हणत डुमसला पोचलो, भजी खाल्ली, वाळूत बसलो. दोन तासांनी शेठनी इकडेतिकडे पाहिलं. "करनलभाई क्यां?"

करनलभाई कुठेच नव्हते. संध्याकाळी बस मिलच्या फाटकाशी परतली तेव्हा ते तिथेच स्टुलावर बसलेले होते. वॉचमनबरोबर अर्धा अर्धा डबा खाल्ला होता. आम्ही उतरायला लागलो तसे ते उठले आणि यादी काढून "आला"च्या रकान्यात खुणा करायला लागले.

"साहेब, तुम्ही का नाही आलात?" मी विचारलं.

त्यांनी यादी वरून खाली वाचली. मग खरंच आश्चर्य वाटल्यासारखे म्हणाले, "माझं नाव नव्हतं."

यादी त्यांनीच लिहिली होती. टाइप मी केली होती. माझ्याही लक्षात आलं नव्हतं, आणि त्याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी तोंड फुगवून बसले तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. पंचवीस वर्षं ते याद्याच करत आले. पण पाठवणारा कधी जात नसतो. तो गेला तर पुढच्या गाडीतल्यांना कोण पाठवणार? त्यामुळे आपलं नाव लिहायची हाताला सवयच राहिली नाही. "आणि तो 'आला'चा रकाना?" मी विचारलं. त्यांनी तेही सांगितलं. पलटण परत आल्याचे कागद दुसऱ्या खात्यात जायचे, त्यांच्याकडे यायचे नाहीत. ते मुद्दाम मागवून घ्यायचे आणि आपल्या प्रतीवर एकेका नावापुढे खूण करायचे. "कधी कधी सगळ्या खुणा व्हायच्या नाहीत," ते म्हणाले. मग चष्मा पुसला आणि फोल्डिंग खात्याची फाइल मागितली. मी पुन्हा तोंड फुगवलं नाही.

वैशालीचं लग्न ठरलं ते सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात. मुलगा भुसावळला रेल्वेत, त्याचं घर अमळनेरला. लग्न अमळनेरलाच व्हावं असं मुलाकडच्यांचं म्हणणं. म्हणजे सुरतेहून सगळं वऱ्हाड न्यायचं. ही बातमी ऐकून कर्नलांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांनाच नवरदेव मिळाला.

वऱ्हाडाची यादी टाइप करायला त्यांनी मला रविवारी घरी बोलावलं. टाइपरायटर जेवणाच्या टेबलावर, काकू समोर तांदूळ निवडतायत, वैशाली शेंगा फोडतेय. कर्नल नावं सांगत होते आणि काकू मध्ये मध्ये बोलत होत्या. त्या घरात अहिराणीच बोलायच्या, मग समोर डायरेक्टर असो की शेठ.

"शोभा, तुले सांगस मी," काकू म्हणाल्या. "हाई पोर झायी तव्हय हाऊ माणूस आसाममा. तार उनी. बारसाले तार. दहावीना निकाल लागना, तव्हय बी तारच. तार देवाले बाकी कधी चुकना नही."

कर्नल पेन्सिलीचं टोक बघत होते. काकूंच्या आवाजात भांडण नव्हतं, आणि तेच त्यांना जास्त लागलं असावं.

वैशालीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "पप्पा, बाकीचं सोडा. या लग्नात तुम्ही असा. माझ्या शेजारी उभे असा."

"असेन. लेखी देऊ?"

"लेखी नको. तुमचं लेखी फार असतं. तोंडी द्या."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मी त्यांना पेन्सिल खाली ठेवताना पहिल्यांदाच पाहत होते. "असेन," ते म्हणाले. "वचन."

मग त्यांनी पेन्सिल उचलली आणि आम्ही पुढे निघालो. एक अख्खा डबा, बहात्तर जागा, बहात्तर नावं. गुडघे दुखणाऱ्यांना खालचा बर्थ, घोरणाऱ्यांना एका टोकाला, एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन जावांमध्ये एक बहिरी मावशी. खाली सूचना, एक ते चौदा. नववी सूचना अशी होती की गाडी सुटण्यापूर्वी दोन्ही दारं आतून बंद करावीत आणि साहेबांची शिट्टी झाल्याशिवाय उघडू नयेत. मी बहात्तर नावं टाइप केली. एकतीस नंबरला माझं स्वतःचं नाव आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की पुढचं मी फक्त बोटांनी टाइप केलं, डोक्यानं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ते कर्नल बेडसे कसले? उधन्याला गाडी पाच मिनिटं थांबते. पाच मिनिटांत म्हाताऱ्या, मुलं, रुखवताची ताटं, आहेराच्या ट्रंका डब्यात चढल्या पाहिजेत. म्हणजे सराव हवा. लग्नाच्या आदल्या रविवारी मिलला सुट्टी होती. कापड वाळवायच्या अंगणात कर्नलांनी खडूनं रेल्वेचा अख्खा डबा काढला, खऱ्या मापाचा. दारं, खिडक्या, बर्थ, नंबर, संडाससुद्धा. वऱ्हाड नवी लुगडी सांभाळत खडूच्या दारातून आत शिरलं आणि आपापल्या नंबरावर फरशीवर बसलं. वऱ्हाडातल्या एक आत्याबाई खडूच्या भिंतीतून सरळ आत आल्या, तर त्यांना परत पाठवलं.

"काय माय हाऊ माणूस!" आत्याबाई म्हणाल्या. "जथाईन दार नही तथाईन येऊ देत नही!"

शेठ मुद्दाम बघायला आले होते. "आ मिल छे के स्टेशन?" ते विचारत होते. पण तेही हळूहळू रंगात आले आणि "अडतालीस नंबर, पग अंदर लो!" म्हणून ओरडायला लागले. पहिल्या खेपेला अकरा मिनिटं लागली. चौथ्या खेपेला साडेतीन. कर्नल हातात घड्याळ घेऊन खडूच्या रेघेबाहेर उभे होते. टाळ्या वाजल्या. ते बाहेर उभे आहेत हे आम्ही सगळेच बघत होतो, आणि एकालाही काही खटकलं नाही.

लग्नाच्या आदल्या सकाळी उधन्याच्या फलाटावर गाडी लागली. कर्नलांनी शिट्टी वाजवली आणि वऱ्हाड असं चढलं की डब्यातले तपासनीस बाजूला होऊन बघत राहिले. साडेतीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कर्नल फलाटावरून खिडकीखिडकीशी जात खुणा करत होते. वैशालीच्या खिडकीशी त्यांनी सर्वांत ठसठशीत खूण केली. बहात्तर. त्यांनी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटं हातात होती. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं.

मग गाडी हलली. कर्नल ताठ उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला सॅल्यूट केला.

"पप्पा!" वैशाली किंचाळली. "पप्पा, तुम्ही!"

त्यांचा हात कपाळाशी तसाच राहिला आणि तोंडावरचा रंग उडाला. ते धावत दाराशी आले. दाराच्या आत मिलचे मुकादम, पंडितभाऊ, नेमलेले होते. पंडितभाऊंनी कडी धरून ठेवली होती.

"दार उघडा!" आम्ही सगळे ओरडलो.

"साहेबनी सांगेल शे," पंडितभाऊ म्हणाले. "शिट्टी वाजाशिवाय दार उघाडानं नही. सूचना नऊ."

"अहो, बाहेर साहेबच आहेत!"

"मंग वाजाडू द्या शिट्टी!"

कर्नलांनी धावता धावता खिसे चाचपले. शिट्टी त्यांनी काम संपलं म्हणून नुकतीच पिशवीत टाकली होती, आणि पिशवी मागे बाकावर होती. गाडीनं वेग घेतला. वैशालीनं साखळीला हात घातला. खिडकीतून त्यांनी ते पाहिलं आणि मान हलवली, नाही. साखळी ओढली की मागच्या सगळ्या गाड्यांचा खोळंबा होतो, हे त्यांनी आम्हाला पन्नासदा सांगितलं होतं. वैशालीनं हात खाली घेतला. फलाट संपला, कर्नल लहान होत गेले, यादी अजून त्यांच्या हातात होती. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला. आणि माझा स्वतःचाही, कारण ती यादी माझ्या बोटांखालून गेली होती.

नंदुरबारपर्यंत त्या डब्यात कुणी गाणं म्हटलं नाही. एकमेकींशी न बोलणाऱ्या जावासुद्धा बहिऱ्या मावशीच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायला लागल्या होत्या. पंडितभाऊ दाराशी उभे राहून रडत होते. काकू तेवढ्या शांत होत्या. "तार यी आते," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी हळद झाली, बापाशिवाय. वैशालीच्या तोंडाला सगळ्यांनी हळद लावली आणि तिनं लावून घेतली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मांडवाच्या दाराशी आहेराची मांडामांड करत होते. वाजंत्री आपली वाद्यं ठाकठीक करत होते. रस्त्यानं माणसांचा एक घोळका येताना दिसला. डोक्यावर गाठोडी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. लूमवरची माणसं सुट्टीला गावी निघालेली ओळखू येतात. त्यांच्या मध्ये एक बारकेला माणूस होता. शर्ट चुरगळलेला, दाढीचे खुंट वाढलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

मी ओरडले. वैशाली हळदीच्या अंगानं, नवरीनं बाहेर यायचं नसतं हे विसरून, मांडवाच्या दाराशी आली. दोघं समोरासमोर उभी राहिली.

"संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढलं," कर्नल म्हणाले. "साधं. पाय ठेवायला जागा नव्हती."

"तुमचं नाव होतं का कुठल्या यादीत?"

"नव्हतं."

"मग आलात कसे?"

त्यांनी मागच्या माणसांकडे हात केला. "ह्यांनी सरकून घेतलं."

त्या माणसांतला एक जण पुढे आला. "ताई, साहेब दरवाजाले लोंबकळी ऱ्हायंतात. आम्ही म्हनं, या बाबा, बठा. मंग त्यास्नी सांगं, पोरनं लगीन शे." सगळे हसले. त्यांनी रात्री साहेबांना भाकरी आणि ठेचा खाऊ घातला होता, आणि साहेबांनी त्या बदल्यात सातही जणांना लग्नाचं आमंत्रण देऊन टाकलं होतं.

वैशाली रडली आणि मग हसली. रागही आलेला होता, तो तिनं लपवला नाही. "बहात्तर जणांना मोजलंत," ती म्हणाली. "मला त्यांच्यात एकच हवा होता, पप्पा, आणि तोच तुम्ही लिहिला नाहीत." त्यांनी मान खाली घातली. मग तिच्या गालावरची वाळलेली हळद बोटानं काढून त्यांनी आपल्याच कपाळाला लावली. काल लावायची राहिली होती ना.

काकू मागून आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्या सात जणांकडे. "आनि ह्या सात?"

"मोजलेले नाहीत," कर्नल म्हणाले.

"पाने?"

"माहीत नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, म्हणून मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. "आज हाऊ माणूस खरा रिटायर झाया," त्या म्हणाल्या आणि आचाऱ्याला सांगायला गेल्या.

मंगलाष्टकं चालू असताना कर्नल वैशालीच्या शेजारी उभे होते. कान रिकामा होता. पेन्सिल गाडीच्या गर्दीत पडली होती आणि ती त्यांनी शोधली नव्हती.

त्यानंतर माणूस बदलला असं मी म्हणणार नाही. बदलला तो थोडा. यादीच्या तळाशी स्वतःचं नाव लिहायला लागले, पण निम्म्या वेळा विसरायचे, आणि मी टाइप करताना आठवणीनं घालायचे. चहाच्या यादीत त्यांचा कप पहिला आला. चहावाला त्याला "करनलना कप" म्हणायचा आणि त्यात आलं जास्त टाकायचा.

दोन वर्षांनी वैशालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, म्हणजे ती माहेरी सुरतेला येणार हे ठरलेलंच. पण सातव्या महिन्यात भुसावळच्या डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावलं. कर्नलांनी त्याच दिवशी शेठपुढे राजीनामा ठेवला. काकूंसह ते भुसावळला जाणार, आणि आता तिकडेच राहणार. शेठनी बरंच समजावलं. "करनलभाई, डिलिवरी पछी पाछा आवजो ने!" पण ते बधले नाहीत. पोरीच्या वेळी तार गेली होती, नातवंडाच्या वेळी ते तार पाठवणार नव्हते आणि कुणाकडून घेणारही नव्हते.

आम्ही दहा-बारा जण उधन्याला पोचवायला गेलो. लोटनबाबाही काठी टेकत आले होते. मी एक यादी टाइप करून नेली होती, तीन प्रतींत. अनुक्रमांक एक, बेडसे, कर्नल य. अनुक्रमांक दोन, बेडसे, सौ. मालती. पुढे दोन रकाने. त्यांनी ती तिथेच उभं राहून काळजीपूर्वक वाचली, जणू पलटणीचीच असावी.

"नावांचा क्रम चुकलाय," ते म्हणाले. "आधी बाई."

"आज नाही, साहेब," मी म्हटलं.

गाडी लागली. काकू चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि त्यांनी काकूंच्या नावापुढे खूण केली. मग ते फलाटावरच उभे राहिले. घड्याळ बघत, डब्याकडे बघत, सवयीनं.

"अहो, तुम्ही!" काकू आतून ओरडल्या, आणि आम्ही सगळे एकदम हसलो, आणि तेही हसले, आणि चढले. आपल्या जागेवर टेकल्यावरच त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून यादी मागितली. माणूस बसल्याशिवाय खूण करायची नाही. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी स्वतःच्या नावापुढे "गेला"च्या रकान्यात खूण केली आणि तिसरी, फिकी प्रत माझ्या हातात दिली.

"आणि 'आला'चा रकाना, साहेब?"

"तो तुमच्याकडे. मी कळवेन," ते म्हणाले. गाडी हलली. सॅल्यूट करायला त्यांनी हात उचलला, पण फलाटावर उभे आम्ही होतो. तेव्हा त्यांनी तो तसाच हलवला, गावी निघालेली माणसं हलवतात तसा.

दोन महिन्यांनी मिलच्या पत्त्यावर माझ्या नावानं पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच, बारीक, सरळ रेषेतलं.

"मिस सोनवणे, मुलगी झाली. सकाळी सव्वासहाला. मी हजर होतो."

मी ड्रॉवर उघडला, तिसरी प्रत काढली, खिडकीशी उजेडात धरली. आणि अनुक्रमांक एकपुढे, "आला"च्या रकान्यात, बरोबरची खूण केली.